बाळाला जपताना हातही जपा!

घरात पाळणा हलू लागला की सारे घर त्या पाळण्याभोवती फिरू लागते. बाळाचे दूध, बाळाची झोप, बाळाचे वजन यांच्या चर्चा रंगतात. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळले जातात, हळिवाची खीर होते, शेक-शेगडीची व्यवस्था लागते. या साऱ्या धावपळीत एका गोष्टीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते, ती म्हणजे आईचे हात. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांतच अनेक जणींच्या हातांची त्वचा कोरडी, खरखरीत होते. बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात, आंघोळीचे पाणी लागले की झोंबते आणि रात्री खाज सुटते. लंगोट बदलणाऱ्या वडिलांची आणि दुपटी धुणाऱ्या आजीचीही हीच तक्रार असते. ‘चालायचेच, बाळ लहान आहे’ असे म्हणून ती बाजूला सारली जाते.

ही तक्रार केवळ सौंदर्याची असती, तर बाजूला सारणे क्षम्य ठरले असते. तथापि तिचा संबंध थेट बाळाच्या आरोग्याशी आहे. हात झोंबू लागले की माणूस नकळत हात धुणे टाळू लागतो. साबण नको, नुसते पाणी पुरे, अशी पळवाट निघते. दुसरीकडे, चिरा पडलेल्या त्वचेत रोगजंतूंना आसरा मिळतो आणि कितीही धुतले तरी असे हात पूर्णपणे स्वच्छ होणे कठीण जाते. म्हणजे ज्या हातांनी बाळाचे रक्षण करायचे, तेच हात दुहेरी कारणाने धोक्याचे ठरू शकतात. त्यामुळे ‘हात कमी धुवा’ हा या त्रासावरील उपाय नव्हे. हात तितकेच, किंबहुना अधिक काळजीने धुवावेत; बदलायची आहे ती धुण्याची पद्धत आणि त्यानंतरची निगा.

हात धुण्याचे मोल

हात धुण्याने बाळंतिणीचे प्राण वाचतात, हे प्रथम दाखवून दिले ते व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात काम करणारे हंगेरियन डॉक्टर इग्नाझ सेमेलवाईस यांनी. १८४७ साली त्यांनी प्रसूतिकक्षात जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला व विद्यार्थ्याला क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या कक्षातील सुमारे १८ टक्के बाळंतिणी दगावल्या होत्या; मे महिन्यात ही सक्ती सुरू झाल्यावर जूनमध्ये हे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांच्या आत आले. ते द्रावण त्वचेला दाहक होते. हातांची स्वच्छता आणि हातांची त्वचा यांच्यातील ओढाताण अशी तेव्हापासूनची आहे.

आईच्या हातांबाबतचा पुरावा आपल्या शेजारच्या नेपाळमधून आला. तेथील तराई भागातील तेवीस हजारांहून अधिक नवजात बालकांच्या नोंदींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बाळाला हाताळण्यापूर्वी ज्या माता हात धुत होत्या, त्यांच्या बाळांमध्ये मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी आढळला. हा अभ्यास निरीक्षणाचा असल्याने सारे श्रेय केवळ हात धुण्याला देता येणार नाही. तरीही त्याचा इशारा स्पष्ट आहे. कराचीतील वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, साबणाने हात धुण्याची सवय लावलेल्या घरांतील लहान मुलांमध्ये न्यूमोनिया व अतिसाराचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते.

महाराष्ट्राने तर या विषयात देशाला वाट दाखवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. तेथील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून हीच कल्पना ‘गृहाधारित नवजात बालक काळजी’ या नावाने देशभर राबवली जाते. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. या भेटींत स्वतःचे हात धुऊनच ती बाळाला हात लावते आणि आईलाही तेच शिकवते. याच भेटीत आईने आपले हात तिला दाखवावेत, हे मात्र सहसा घडत नाही.

मराठवाड्याचे पाणी आणि हात

धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात या त्रासाला स्थानिक पाण्याची आणि हवेची जोड मिळते. बालाघाटच्या डोंगररांगांवर व पायथ्याशी वसलेला हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. हिवाळा आणि उन्हाळ्यात हवा कोरडी असते. अशा हवेत त्वचेतील ओलावा झपाट्याने उडून जातो. धाराशिव शहराला उजनी जलाशयातून पाणी येत असले, तरी तुळजापूरपासून परंड्यापर्यंत अनेक घरांचा वापराच्या पाण्याचा मोठा भार विहिरी आणि बोअरवर असतो. बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांतून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याचदा अधिक असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो.

पाणी जड आहे की नाही, हे ओळखायला प्रयोगशाळाच हवी असे नाही. डाळ लवकर शिजत नाही, बादलीला व नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही, ही त्याची घरगुती लक्षणे. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो. त्यातील काही भाग क्षारांशी मिळून चिकट साका बनतो आणि तो त्वचेवरच राहतो. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, जड पाण्याने धुतलेल्या त्वचेवर साबणातील घटक अधिक प्रमाणात शिल्लक राहतात व त्यामुळे दाह वाढतो, असे आढळले. त्यात टंचाईच्या दिवसांत पाणी जपून वापरायचे असते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळात हा जिल्हाही होरपळला होता. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात हात पुन्हा एकदा खळखळून धुण्याची चैन परवडत नाही आणि साबणाचा अंश बोटांच्या बेचक्यांत तसाच राहून जातो.

म्हणून महागडे पाणी मृदू करणारे यंत्र बसवावे काय? त्याची निकड नाही. इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरी अशी यंत्रे वापरून इंग्लंडमध्ये चाचणी झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक फायदा त्यातून दिसला नाही. त्यापेक्षा साबण कमी वापरणे आणि तो पूर्ण धुऊन काढणे अधिक उपयोगी. पावसाळ्यात छतावरून साठवलेले पाणी मृदू असते. ते दुपटी व लंगोट धुण्यासाठी वापरल्यास साबणही कमी लागतो.

त्वचेचे होते तरी काय?

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींची भिंत. या पेशींमधील स्निग्ध पदार्थ चुन्या-सिमेंटासारखे काम करतात. आतील ओलावा बाहेर जाऊ देत नाहीत आणि बाहेरचे दाहक पदार्थ आत येऊ देत नाहीत. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीचा वडीचा साबण अल्कधर्मी. साबण मळाबरोबर ही स्निग्धताही धुऊन नेतो. काही तासांची उसंत मिळाली तर त्वचा ती भरून काढते. नवजात बाळाच्या घरात नेमकी ही उसंतच मिळत नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पाजायचे, त्याहूनही अधिक वेळा लंगोट बदलायचे, शिवाय स्वयंपाक, भांडी आणि धुणे. हात दिवसातून पंचवीस-तीस वेळा ओले होणे ही सहज गोष्ट ठरते. भिंत दुरुस्त होण्याआधीच तिच्यावर पुढचा घाव बसतो.

यातून जो आजार होतो, त्याला वैद्यकशास्त्रात क्षोभजन्य त्वचादाह म्हणतात. बोलीभाषेत हातांचे इसब. तो संसर्गजन्य नाही. आईच्या हातावरून तो बाळाला लागत नाही. लहानपणी इसब, दमा किंवा वारंवार शिंका येण्याचा त्रास असलेल्यांना तो लवकर होतो. सुरुवात बहुधा अंगठीखाली किंवा बोटांच्या बेचक्यांत होते, कारण साबणाचे पाणी तेथे अडकून राहते.

धुण्याची योग्य रीत

प्रथम अंगठ्या काढून ठेवाव्यात. बाळ तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत त्या घातल्या नाहीत तर उत्तमच. पाणी कोमट किंवा साधे असावे. बंबातले कढत पाणी जंतू अधिक मारत नाही. कातडीची स्निग्धता मात्र अधिक काढते. आधी हात ओले करावेत आणि मगच साबण लावावा. कोरड्या हातावर साबण घासू नये. सौम्य, सुगंधरहित साबण किंवा साबणविरहित क्लीन्सर मिळाल्यास तो निवडावा. ‘जंतुनाशक’ अशी जाहिरात असलेला साबणच हवा असे नाही; घरगुती वापरासाठी साधा साबण पुरेसा असतो. तळवे, हातांची मागची बाजू, बेचके, अंगठे व नखे असे सुमारे वीस सेकंद चोळावे. दुसऱ्याने तांब्याने बारीक धार धरली तर थोड्या पाण्यातही साबण पूर्ण निघतो. शेवटी मऊ सुती फडक्याने टिपून हात कोरडे करावेत, रगडू नयेत. हे फडके रोज बदलावे.

बाळाला घेण्यापूर्वी, पाजण्यापूर्वी, नाळेला हात लावण्यापूर्वी, शी-शू स्वच्छ केल्यानंतर, स्वतः शौचाला जाऊन आल्यावर आणि स्वयंपाकापूर्वी हात धुणे अनिवार्य आहे. यात काटकसर नको. काटकसर करायची ती इतर ओल्या कामांत. भांडी घासण्याची वडी, तारेची घासणी, कपड्यांची पावडर व धुण्याचा सोडा हे हातांचे खरे वैरी होत. लंगोटाच्या बादलीत अंदाजाने ओतलेले अँटिसेप्टिक द्रवही त्यांतलेच. लंगोट साबणाने धुऊन, भरपूर खंगाळून कडक उन्हात वाळवणे पुरेसे असते, आणि उन्हाची तर आपल्याकडे वाण नाही.

ही कामे करताना रबरी हातमोजे वापरावेत व आत पातळ सुती मोजे घालावेत. नुसत्या रबरी मोज्यांत घाम साचून त्रास वाढतो, म्हणून ते एका वेळी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक ठेवू नयेत.

हात मळलेले नसतील आणि पाण्याची टंचाई असेल, तेव्हा अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या मिश्रणात त्वचेसाठी ग्लिसरीनही असते. भेगांवर तो झोंबतो. परंतु त्वचेची हानी साबणापेक्षा सहसा कमीच करतो. शी स्वच्छ केल्यानंतर मात्र साबण-पाण्याला पर्याय नाही. सॅनिटायझर पूर्ण सुकल्यावरच बाळाला घ्यावे आणि बाटली मोठ्या भावंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

मलम : औषध नव्हे, सवय

हात टिपल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत, त्वचा किंचित ओलसर असतानाच स्निग्ध मलम लावणे हा या साऱ्या निगेचा गाभा आहे. त्यासाठी साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली पुरते. ती स्वस्त आहे, प्रत्येक औषध दुकानात मिळते आणि तिची ॲलर्जी अत्यंत विरळ असते. दिवसा हात चिकट नको असतील तर ग्लिसरीनयुक्त क्रीम लावावे आणि रात्री जेली लावून सुती मोजे घालावेत. खोबरेल तेलाचाही स्निग्धतेसाठी उपयोग होतो. कोकणात भेगांवर कोकमाचे तेल लावण्याची रीत आहे. घरातले तूपही अनेक जण लावतात. त्यास हरकत नाही, मात्र भेग उघडी किंवा ओली असेल तर स्वयंपाकघरातील पदार्थ तिच्यावर लावू नयेत. लिंबू, हळद, चुना किंवा टूथपेस्ट यांचे प्रयोग टाळावेत. त्यांनी दाह वाढतो.

मलमाची डबी एकच ठेवली तर ती हाताशी नसते. एक मोरीजवळ, एक पाळण्याजवळ आणि एक उशाशी असावी. डबीत ओली बोटे बुडवण्यापेक्षा ट्यूब बरी. मलम लावल्यावर हात निसरडे होतात, तेव्हा ते मुरेपर्यंत बाळाला उचलू नये. न्हाऊ घालण्यापूर्वी तर लावूच नये.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी व धुरी ठेवण्याची प्रथा अजून टिकून आहे. कोणतेही स्निग्ध मलम कपड्यात, चादरीत किंवा सुती मोज्यात मुरले की तो कपडा सहज पेट घेतो आणि आग वेगाने पसरते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली हा इशारा सर्वच मलमांबाबत दिला आहे. मलम लावलेल्या हातांनी, विशेषतः मोजे घालून, शेगडीजवळ जाऊ नये. सॅनिटायझरही ज्वालाग्राही आहे, हे विसरू नये.

दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका

हाताला खाज सुटली की औषध दुकानातून स्टिरॉइड, जंतुनाशक व बुरशीनाशक अशी तिन्ही औषधे असलेली ट्यूब आणली जाते. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून ती महिनोन्महिने वापरली जाते. परिणामी त्वचा पातळ होते आणि नायटा असल्यास तो दबून अधिकच पसरतो. अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम कडक केले. डॉक्टर काही दिवसांसाठी स्टिरॉइड मलम देतात ते योग्यच असते. परंतु कोणते, किती आणि किती दिवस हे त्यांनीच ठरवावे. असे मलम लावलेला हात बाळाच्या तोंडात किंवा अंगाला लागणार नाही, याची दक्षता घ्यावी.

सगळीच खाज म्हणजे इसब नव्हे. बेचक्यांत बारीक पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरातील इतरांनाही तोच त्रास, अशी लक्षणे असतील तर ती खरूज असू शकते. ती बाळाला लागते, त्यामुळे साऱ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. एकाच हातावर गोल, कडा उंचावलेला चट्टा असेल तर नायट्याची शक्यता असते. सर्वांगाची त्वचा कोरडी पडून थकवा व केस गळण्याची तक्रार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. भेगांतून पू किंवा पिवळे पाणी येणे, हात सुजून गरम होणे किंवा ताप येणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत; अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन आठवडे नीट निगा राखूनही फरक पडला नाही, तरी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. संसर्ग झालेल्या हाताने बाळाची नाळ हाताळू नये. ते काम घरातील दुसऱ्या कोणीतरी करावे.

हे काम एकट्या आईचे नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयात होतात. मात्र दोन-तीन दिवसांत आई घरी येते आणि पुढची जबाबदारी घराची असते. पहिले बाळंतपण माहेरी होते, तेव्हा सव्वा महिना तरी तिचे हात पाण्याबाहेर राहतात. सासरी परतल्यावर भांडी, धुणे आणि बाळ असा तिहेरी भार एकदम पडतो. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्या जोडप्याला तर मदतीला आजीही नसते. हात बिघडण्याचा काळ बहुधा हाच असतो.

त्यावरील सर्वांत परिणामकारक उपाय औषध दुकानात मिळत नाही. भांडी घासणे आणि लंगोट धुणे ही दोन कामे पहिले तीन महिने घरातील दुसऱ्या कोणी उचलली, तर आईच्या हातांना भरून यायला लागणारी उसंत मिळते. वडिलांनी ती उचलावीत, मात्र त्यांनीही मोजे घालावेत आणि नंतर मलम लावावे. कोरडी पडण्यात त्वचा स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. घरकामाला बाई असतील तर त्यांच्यासाठीही मोज्यांचा एक जोड ठेवावा. दिवसभर चार घरची भांडी घासणाऱ्या त्या हातांची अवस्था याहून वाईट असते.

थोडक्यात लक्षात ठेवावे असे

– बाळाला घेण्यापूर्वी हात धुण्यात कसूर नको. त्रास झाला तर पद्धत बदलावी, सवय नव्हे.
– साधे वा कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, पूर्ण खंगाळणे, टिपून कोरडे करणे.
– प्रत्येक धुण्यानंतर शक्य तितक्या लवकर मलम. रात्री जाड थर व सुती मोजे.
– भांडी व धुण्यासाठी सुती अस्तरासह रबरी मोजे. अंगठ्या काढून ठेवाव्यात.
– मलम लावलेले हात व कपडे शेगडीपासून दूर ठेवावेत.
– चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची ट्यूब आणू नये.
– आशा कार्यकर्तीच्या भेटीत बाळाबरोबर आपले हातही दाखवावेत.
– बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास जलद चालू लागला किंवा नाळेभोवती लाली व पू दिसला, तर हातांचा विचार नंतर. १०८ ला दूरध्वनी करून बाळाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.